काचेतलं पाणी

किटली शिट्टी मारत होती. अशी तशी नव्हे, शेजाऱ्यांनी वैतागून भिंतीवर थाप मारावी अशी. आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीकडे तोंड करून, आई शेंगा सोलत उभी होती, जणू घरात सगळं शांत आहे.

लेक दारातच थबकली. बाहेर अंधारून आलं होतं, स्वयंपाकघरात दिवा लागलेला होता. आधी तिला वाटलं, आई मुद्दाम उकळू देत असेल. मग मनात जे आलं ते तिला नको होतं.

"आई," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली.

शेंग मोडली, दाणे वाटीत पडले.

ती दोन पावलं पुढे आली. आईच्या अंबाड्याकडे बघत तिने बोलून टाकलं, "आई, घर पेटलंय."

आईचे हात क्षणभर रेंगाळले, पुन्हा चालू लागले. मग तिने डावा तळवा ओट्यावर सपाट टेकवला, ताप बघायला पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. वळली, गॅस बंद केला आणि लेकीकडे बघून हसली. "कधी आलीस? चोरासारखी येतेस आणि घाबरवतेस."

घाबरली होती लेक. तिने बॅग खुर्चीवर ठेवली आणि नळाखाली उगीचच हात धुतले. आईची परीक्षा नऊ दिवसांवर आली होती.

ही परीक्षा काय होती ते कळायला आईची कहाणी थोडी मागून सांगावी लागेल.

नवरा गेला तेव्हा आई चोवीस वर्षांची होती आणि पदरात चार वर्षांची पोर. एका मोठ्या रुग्णालयाच्या लाँड्रीत तिला काम मिळालं, चादरी घडी करण्याचं. दिवसाला हजार चादरी. लाँड्री चालायची वाफेवर आणि वाफ यायची मागच्या बॉयलरघरातून, जिथे तीन बॉयलर हत्तींसारखे शेजारी शेजारी बसलेले होते. एकदा तिथला झाडूवाला आला नाही, म्हणून काजळी साफ करायला तिला पाठवलं. "दोनच दिवस," असं सांगून. त्या दोन दिवसांना आता सव्वीस वर्षं झाली.

तिथे तेव्हा थोरले मिस्त्री होते. माणूस तुसडा, पण हातात कसब. काजळी झाडायला आलेली बाई झाडू टेकवून बॉयलरच्या काचेच्या नळीकडे टक लावून बघतेय, हे त्यांच्या लक्षात आलं. आत पाणी किती आहे ते त्या नळीत दिसतं.

"काय बघतेस?"

"पाणी हलतंय."

"हलणारच. आत एवढं उकळतंय म्हटल्यावर बाहेर थरथर नको? ज्या दिवशी ते गप्प बसेल, त्या दिवशी काच खोटं बोलतेय असं समज."

तिथून ती शिकायला लागली. थोरल्या मिस्त्रींनी तिला लाकडी काठी दातांत धरून दुसरं टोक पंपाला लावायला शिकवलं. आतलं बेअरिंग बिघडलं असेल तर दातांना कळतं. बाकीचे हसले. "ताई बॉयलर खातेय," म्हणाले. ताईंनी हसू दिलं. लेक दहावीला बसली त्या वर्षी आई दुसऱ्या वर्गाच्या बॉयलर परवान्याच्या परीक्षेला बसली. एक टेबल, एक दिवा, दोन पुस्तकं. आईला लेकीपेक्षा तीन टक्के जास्त पडले आणि पुढची दहा वर्षं घरात कुठलाही वाद झाला की शेवटी ते तीन टक्के निघायचे.

लेकीला मात्र त्या जागेची भीती बसली होती, लहानपणीच. बॉयलरघराच्या मागच्या भिंतीत दारापेक्षा मोठा एक तुकडा वेगळ्या रंगाच्या विटांचा होता. आठ वर्षांची असताना तिने विचारलं, ही भिंत अशी ठिगळ लावल्यासारखी का?

"तुझ्या जन्माआधीची गोष्ट," आई म्हणाली. "बॉयलरमधलं पाणी संपलं होतं. लोखंड लाल झालेलं. एकाच्या लक्षात आलं आणि त्याने घाईने पाणी सोडलं."

"मग चांगलंच केलं ना? थंड झालं असेल."

"त्यालाही तसंच वाटलं," आई म्हणाली.

त्या दिवसापासून दुपारी दोनचा पाळी सुटल्याचा भोंगा वाजेपर्यंत पोरीचा जीव थाऱ्यावर नसायचा. शाळेतून पाच गल्ल्या पलीकडचा तो भोंगा ऐकू यायचा. भोंगा वाजला म्हणजे आई आहे.

लोक आवडीने इंजिनीअर होतात, ही भीतीने झाली. दाब, तापमान, पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं, हेच तिने शिकायला घेतलं. आकडे कळले की भीती जाईल, असा हिशोब होता. आकडे कळले. एक लिटर पाण्याची सोळाशे लिटरहून जास्त वाफ होते, हेही कळलं. भीती होती त्याहून वाढली.

आणि तरी अभिमान किती! ऑफिसात तिच्या टेबलावर एकच फोटो होता: बॉयलरसमोर उभी आई, नाकाच्या शेंड्यावर काजळी. आईने पहिल्या वर्गाची लेखी परीक्षा एक्कावन्नाव्या वर्षी दिली आणि पास झाली, तेव्हा लेकीने साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं. आता फक्त प्रात्यक्षिक राहिलं होतं. ते झालं की आई बॉयलरघराची प्रमुख. तीन बॉयलर, अकरा माणसं, सगळी पुरुष. "जिथे झाडू मारला तिथे खुर्ची," चहावाला म्हणाला होता आणि लेकीचे डोळे भरून आले होते.

आणि आता ही किटली.

पुढचे नऊ दिवस तिने आईला चोरून पाहिलं. आई बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघते. फोन आला की म्हणते, "तूच बोल, माझे हात ओले आहेत." टीव्हीचा आवाज वाढवत नाही, कारण टीव्ही बघतच नाही. सव्वीस वर्षं तीन बॉयलरांच्या गर्जनेत काढलेले कान कधीचे गेले होते आणि आईने ते कुणाला कळू दिलं नव्हतं.

प्रात्यक्षिकात निरीक्षक पाणी मुद्दाम कमी करून धोक्याची घंटा वाजवतात. घंटा ऐकून उमेदवाराने काय करायचं ते करून दाखवायचं. आईला घंटा ऐकू आली नाही तर? सव्वीस वर्षं मातीत जातील. आणि कशीबशी पास झाली तर? उद्या खरी घंटा वाजली तर? लेकीला रात्रभर दोन काळज्या आलटून पालटून छळायच्या. नापास झाली तर आईचं काय, आणि पास झाली तर त्या अकरा माणसांचं काय.

विचारायचं धाडस तिला झालं नाही. तिने वेगळंच केलं. रुग्णालयाची मोजयंत्रं वर्षातून एकदा तिचीच कंपनी तपासायची. ती तपासणी तिने बरोबर परीक्षेच्या दिवसावर घेतली आणि खिशात एक पिवळं फडकं ठेवलं. घंटा वाजली की आईच्या समोर उभं राहून कपाळ पुसायचं. एवढंच. कुणाला कळणार नाही. आईला मात्र ती सकाळी निघताना म्हणाली, "मी समोरच असेन. माझ्याकडे बघत राहा. मी घाम पुसला की समज."

आईने तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. "एवढा घाम येणार आहे का तुला?" म्हणाली आणि चपला घातल्या. त्याच जुन्या, तळ झिजून पापडासारख्या झालेल्या.

बॉयलरघर त्या दिवशी ओळखू येत नव्हतं. पितळ घासलेलं, फरशी आरशासारखी. पहाटेच्या पाळीला धूरकाका होते. आईच्या हाताखालचे जुने मदतनीस. काम दिसलं की हवेत विरून जायचे, म्हणून ते नाव. पण आज त्यांनी स्वतः गुडघ्यांवर बसून फरशी पुसली होती.

"ताईंचा दिवस आहे," ते लेकीला म्हणाले. "आज कुणी फरशीवर थेंब पाडला तर त्याचे पाय मोडीन."

लेकीने दोन नंबरच्या बॉयलरचा पातळीचा मीटर तपासला. अगदी बरोबर. तिने त्यावर हिरवा स्टिकर लावला, तारीख घातली, सही केली.

निरीक्षक आले. किडकिडीत, मऊ आवाजाचे, हातात टॉर्च. धुराने त्रास होतो म्हणून नाकातोंडावर रुमाल. ओठच दिसत नाहीत!

त्यांनी रुमालाआडून पहिला प्रश्न विचारला. आई शांतपणे म्हणाली, "साहेब, रुमाल काढा. तोंड दाखवल्याशिवाय विचारणाऱ्याला मी उत्तर देत नाही."

मागची माणसं खी खी करून हसली. निरीक्षकही ओशाळून हसले आणि रुमाल खिशात गेला. प्रश्नामागून प्रश्न आले, आईने एकेक झेलला. लेकीच्या तळव्याला घाम फुटला होता. फडकं खिशात चिकटलं होतं.

"आता दोन नंबरवर घंटेची चाचणी घेऊ," निरीक्षक म्हणाले.

आई दोन नंबरकडे गेली. कठड्यावर हात ठेवून उभी राहिली. उभीच राहिली.

"बाई, सुरू करा."

आईने एक चप्पल काढून तळपाय फरशीवर टेकवला. मग वाकून काचेकडे बघितलं. काचेत पाणी अर्ध्यावर होतं. जिथे हवं तिथे. मीटरही तेच दाखवत होता. घंटा गप्प होती. सगळं अगदी पुस्तकातल्यासारखं होतं.

"हे पाणी मेलंय," आई म्हणाली.

आणि पुढच्या क्षणी तिने बर्नरचा लाल खटका खाली ओढला. दोन नंबरची गर्जना घशात दाबल्यासारखी थांबली.

"आई, थांब!" लेक ओरडली. "मीटर बरोबर आहे! मी आत्ताच तपासलाय!"

आईची पाठ तिच्याकडे होती. ती वळलीसुद्धा नाही.

"पाणी कमी आहे?" धूरकाका किंचाळले. "थांबा ताई, पंप लावतो!" आणि ते पंपाच्या बटणाकडे झेपावले. त्यांचं बोट पोचायच्या आत आईने त्यांचं मनगट पकडलं. इतक्या जोरात, की पुढे आठवडाभर तिथे बोटांचे वण होते.

"हात लावायचा नाही! बाहेर हो. सगळे बाहेर व्हा!"

तेव्हा लेकीच्या लक्षात आलं. काच, मीटर, घंटा, तिन्ही एकाच उभ्या नळीवर बसवलेले होते. त्या नळीचं खालचं तोंड गाळाने बुजलं असेल तर? मग नळीत पाणी अडकून राहणार, बॉयलर आतून रिकामा झाला तरी. तिचा मीटर खोटं बोलत नव्हता. नळीत खरंच तेवढं पाणी होतं. बॉयलरमध्ये नव्हतं.

ती नळी दर पाळीला वाफ सोडून धुवायची असते. तिचं गढूळ पाणी फरशीवर उडतं. आज फरशी आरशासारखी होती.

माणसं बाहेर पळाली. निरीक्षकांनी लेकीला दंडाला धरून ओढत नेलं. मागे वळून ते ओरडले, "बाई, तुम्हीही चला!" पण लाँड्री अजून वाफ ओढत होती, आणि वाफ जाईल तसं उरलंसुरलं पाणी आणखी खाली जाणार. मोठा व्हॉल्व्ह बंद करायला हवा होता. तोही हळूहळू, एकदम बंद केला तर नळांना धक्का बसतो. पाव फेरा, थांबायचं. पुन्हा पाव फेरा. दारातून लेकीला दिसलं ते एवढंच: आईचे दोन हात व्हॉल्व्हच्या चाकावर आणि एक पाय अनवाणी.

मग दार लागलं.

बाहेर सगळे अंगणाच्या टोकाला उभे होते. लेकीची नजर वेगळ्या रंगाच्या विटांवर खिळली होती. ती मनात आकडे म्हणत होती, ते थांबवता येत नव्हतं: सोळाशे, सोळाशे, सोळाशे. "आई!" तिने एकदा हाक मारली. मग कळलं की ऐकू येणार नाही, तरी पुन्हा मारली.

अकरा मिनिटं गेली. घड्याळ तिने बघितलं होतं म्हणून अकरा. नाहीतर तिने शपथेवर तास सांगितला असता.

दार उघडलं. आई बाहेर आली, हातात ती काढलेली चप्पल.

"चहा आहे का कुणाकडे?" ती म्हणाली.

धूरकाका मटकन खालीच बसले. "ताई, माझा हात धरला नसता तर..."

"तर तुझं नाव सार्थ झालं असतं," आई म्हणाली. कुणीतरी हसलं आणि मग रडल्यासारखा आवाज आला. तो धूरकाकांचाच होता. "फरशी पुसली होती, ताई," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "तुमच्यासाठी पुसली होती."

आई त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. "माहीत आहे रे. चूक माझीही आहे. सकाळी आल्या आल्या मी नळी धुवायला हवी होती. मी साहेबांच्या घंटेचा विचार करत बसले."

दुसऱ्या दिवशी बॉयलर गार झाल्यावर झाकण उघडलं. निरीक्षकांनी आत टॉर्च मारला आणि बराच वेळ डोकं बाहेर काढलं नाही. नळ्यांच्या वरच्या दोन ओळी उघड्या पडल्या होत्या, निळ्या-काळ्या झालेल्या.

"तुम्हाला कळलं कसं?"

"पंप दर दहा-बारा मिनिटांनी सुरू होतो. पायाला कळतं. काल बराच वेळ तो सुरूच झाला नव्हता. मग काच बघितली. पाणी हलत नव्हतं."

निरीक्षकांनी हत्यारांच्या पेटीवर कागद ठेवला, पेन उघडलं. लेक शेजारीच उभी होती. आता सही होईल. कालची घंटा वाजलीच नव्हती, म्हणजे कुणाला काही कळायचं कारणच नव्हतं.

"घंटा न वाजता कळलं," निरीक्षक लिहिता लिहिता पुटपुटले. मग वर बघून म्हणाले, "वीस वर्षांत असं पाहिलं नाही मी."

"वाजली असती तरी मला ऐकू आली नसती," आई म्हणाली.

पेन थांबलं.

"उजव्या कानाने काही येत नाही. डाव्याने थोडं, तेही शांत खोलीत. चार-पाच वर्षं झाली."

लेकीने आईचा हात धरला, दाबला. आईने तो सोडवून घेतला.

"हे काल का नाही सांगितलंत?" निरीक्षकांचा आवाज मऊ राहिला नव्हता.

"काल मला ही जागा हवी होती."

"आणि आज?"

"आजही हवी आहे." आईने ओठांवरून जीभ फिरवली. पहिल्यांदाच लेकीला तिच्या आवाजात भीती ऐकू आली. "पण काल ही पोर खिशात पिवळं फडकं घेऊन उभी होती. घंटा वाजली की मला खूण करायला. आत चाकावर हात ठेवून उभी होते ना, तेव्हा मनात आलं, मी गप्प बसले तर ही जन्मभर फडकं घेऊन उभी राहील. आणि ज्या दिवशी ही नसेल त्या दिवशी बाकीच्यांचं काय?"

निरीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. कागद घडी करून बॅगेत ठेवला आणि निघून गेले.

घरी जाताना दोघी बसमध्ये शेजारी बसल्या. लेक ऑफिसात सगळ्यांना सांगून बसली होती. आता काय सांगायचं याचा विचार तिच्या मनात एकदा आला आणि तिची तिलाच लाज वाटली. सव्वीस वर्षांची कमाई शेजारी बसलेल्या या बाईने एका वाक्यात टेबलावर ठेवून दिली होती. टेबलावरच्या फोटोचा अभिमान तिला होताच. आजच्या या बाईबद्दल जे वाटत होतं त्याला तिच्याकडे शब्द नव्हता.

चोवीस दिवस काही कळलं नाही. मग पत्र आलं. आईने ते स्वतः वाचलं नाही, धूरकाकांना मोठ्याने वाचायला लावलं आणि त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. जागा मिळाली होती, पण अटींवर. प्रत्येक घंटेला लाल दिवा जोडायचा. काच आणि घंटा वेगवेगळ्या नळ्यांवर बसवायच्या. प्रमुखांसोबत कायम एक चांगल्या कानाचा माणूस. दरवर्षी सगळ्यांच्या कानांची तपासणी. पहिली पुढच्याच महिन्यात. कान झाकायला टोप्या सगळ्यांना, धूरकाकांनाही.

"म्हणजे आता कामाला हाक मारली तर मला ऐकूच येणार नाही," धूरकाका आनंदाने म्हणाले.

दिवे बसवायचं काम लेकीच्या कंपनीकडे आलं आणि लेकीने ते दुसऱ्या कुणाला दिलं नाही. रविवारी दुपारी ती दोन नंबरसमोर शिडीवर उभी होती. खाली आईने शिडी धरली होती.

"शिडी थरथरतेय," आई म्हणाली.

"भीती वाटते ग अजून."

"मलाही वाटते. रोज दार उघडताना वाटते." मग म्हणाली, "आणि एक दिवा घरी किटलीवर बसव. 'घर पेटलंय' म्हणून मागून ओरडायचं काम नाही."

लेकीच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला.

"खिडकीच्या काचेत तुझं तोंड दिसत होतं," आई म्हणाली. "अंधारात काच आरसा होते."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार होते? तू जितकी घाबरली होतीस, तितकीच मीही."

शेवटचा स्क्रू बसला. लेक खाली उतरली. "तिकडे तोंड कर," तिने हाताने खूण केली. आई वळून मागच्या भिंतीसमोर उभी राहिली, दिव्याकडे पाठ, त्या वेगळ्या रंगाच्या विटांकडे तोंड.

लेकीने बटण दाबलं. घंटा कर्कश वाजू लागली. समोर तीच पाठ, तोच अंबाडा. एक सेकंद गेला. आईची पाठ हलली नाही. लेकीच्या छातीत किटली शिट्टी मारायला लागली.

"भिंत लाल झाली," आई म्हणाली, आणि वळली.